चिमट्याच्या मानेवरची खूण

सायकल कशी मोडली हे गिऱ्हाईक खरं सांगत नाही. चाळीस वर्षं लोहाऱ्यात बसस्टँडच्या रस्त्याला दुकान मांडून बसलोय, पण "मिस्त्री, माझी चूक झाली, खड्डा दिसला न्हाय" असं म्हणणारा माणूस मला अजून भेटायचाय. "उभी हुती, पडली." "शेजाऱ्यानं नेली हुती." "घेतली तवाच वाकडी हुती." एका कंपाउंडरनं तर पुढचं चाक पापडासारखं वाकवून आणलं आणि म्हणाला, उन्हानं झालं. मी रिम फिरवून बघितली, तर ट्रॉलीचा तांबडा रंग लागलेला. "ऊन लई तांबडं पडलं म्हणायचं," मी म्हणालो. तो माणूस परत कधी दुकानात आला नाही.

म्हणून मी तोंडाकडं लक्षच देत नाही, चिमटा बघतो. ज्यांनी सायकल नुसती चालवली त्यांच्यासाठी सांगतो. पुढचं चाक ज्या दोन पायांच्या मधे बसतं त्याला चिमटा म्हणतात. खाली दोन पाय, वर एक नळी. ती नळी सांगाड्यातून वर निघते आणि तिच्यावर हँडल बसतं. त्या नळीला आम्ही मान म्हणतो. खड्ड्याचा दणका, ब्रेकचा जोर, बसणाऱ्याचा भार, सगळं शेवटी त्या मानेवर येतं. मागचा काही भाग तुटला तर माणूस सायकल ढकलत घरी येतो. मान तुटली तर तोंडावर आपटतो. चिमटा सरळ मागं वाकलेला असला की समोरून धडक. एकच पाय वाकला असला की चाकात काहीतरी गेलं. चिमटा बघितला की मला सगळं कळतं, मग गिऱ्हाईक काही का सांगेना.

आता गिऱ्हाइकाला माझा शक येतो, तेही सांगितलं पाहिजे. आमच्या भागात कुठलीही वस्तू दुरुस्तीला टाकली की आतला माल बदलणार, हे प्रत्येकजण धरूनच चालतो. बोअरची मोटार गुंडाळायला दिली की तांब्याची तार जाऊन भलतीच येते, असं ज्याच्या त्याच्या तोंडी. त्यामुळं सायकल टाकून बाजाराला जाणारी माणसं थोडी. बाकीची बाकड्यावर बसून राहतात आणि डोळ्यात तेल घालून माझ्या हाताकडं बघतात. एक गुरुजी होते, रिटायर झालेले. हबमधले छर्रे वाटीत काढले की ते मोजायचे, आणि बसवताना परत मोजायचे. एकदा एक छर्रा कमी भरला. गुरुजी उठून उभे. मी म्हणालो, "गुरुजी, पायाखाली बघा." त्यांच्याच चपलेला ग्रीसनं चिकटला होता. तर ते म्हणतात, "तू चिकटवला असशील."

ह्या रोजच्या कटकटीवर मी माझा एक उपाय काढला होता. महत्त्वाचा सुटा भाग आला की गिऱ्हाइकासमोर त्यावर त्याची खूण करायची. टोच्यानं दोन रेघा, एखादं अक्षर, शेतकरी असला तर त्याच्या जनावराच्या डागासारखी खूण. आणि करायची कुठं, तर आत, झाकल्या जागी, म्हणजे कुणी घासून काढायला नको. गिऱ्हाइकानं कधीही यावं, उघडायला लावावं, खूण बघावी. माणसं खूश झाली. "मिस्त्रीकडं खूण करून मिळते," असं खेड्यापाड्यांतून लोक सांगत यायचे. मला त्याचा लई अभिमान होता. बायको म्हणायची, "देवळात चप्पल ठेवताना तिच्यावरबी खूण करा." मी करायचोच.

तर, माकणीचे नागनाथ तात्या.

तात्या माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठे. धरणाच्या अलीकडं जमीन, घरी चार म्हशी, आणि स्वभाव माझ्याहून संशयी. दूध मोजून घेणाऱ्याचं माप ते स्वतःच्या मापानं मोजायचे. त्यांची धाकटी मुलगी अश्विनी कॉलेजला होती आणि सायकल पळवायची. गंमत म्हणून नाही, शर्यतीत. तिच्या मामानं पुण्यातून एक वापरलेली रेसची सायकल आणून दिली होती. बारीक टायरची, खाली वळलेल्या हँडलची, एका बोटावर उचलावी अशी. सकाळी दूध काढून झालं की ही पोरगी धरणाच्या बाजूनं जी सुटायची, ती एस.टी.च्या आधी लोहाऱ्यात हजर.

एक दिवस तात्या ती सायकल जीपच्या टपावर बांधून माझ्याकडं घेऊन आले. अश्विनी बरोबर होती, पण गप्प. चिमटा दोन्ही पायांनी सरळ मागं गेलेला.

"काय झालं?" मी विचारलं.

"भिंतीला लावून ठिवली हुती. पडली," तात्या म्हणाले.

मी अश्विनीकडं बघितलं. ती समोरच्या रसवंतीकडं बघत होती. माझ्या मनात पाल चुकचुकली. भिंतीला टेकलेली सायकल पडून चिमटा असा मागं जात नाही. मला वाटलं, पोरगी कुठंतरी धडकलीय आणि बाप झाकतोय. नाहीतर बापानंच मुद्दाम मोडलीय. हेही नवं नव्हतं. पोरीनं सायकल पळवू नये म्हणून चाकातले आरे कापून टाकणारा बाप मी बघितलाय.

तात्या पाणी प्यायला रसवंतीवर गेले तेव्हा पोरगी हळूच मला म्हणाली, "मामा, कुणाला सांगू नका. दादांनी चालवली."

"कुणी?"

"दादांनी. म्हणाले, ह्या काडीवर माझी पोरगी बसती, ती काडी भार झेलती का न्हाय ते म्या आधी बघणार. पहाटंच्याला घेऊन गेले. कालव्याच्या पुलावर लोखंडी जाळी हाय ना, तिच्यात चाक गेलं. कोपर सोलपटलंय, म्हणून ह्या उकाड्यात लांब बाह्यांचा सदरा घातलाय."

मला हसू आवरेना, आणि त्या माणसाबद्दल जरा बरंही वाटलं. पण तात्या परत आले तेव्हा मी काही बोललो नाही. पडली तर पडली.

हे एवढं सांगायचं कारण, त्या सायकलीवर काय अवलंबून होतं ते कळावं. दोन महिन्यांनी विद्यापीठाच्या संघाची निवड होती. पहिल्या दोघींना संघात घेणार होते. तात्यांनी लेकीला शब्द दिला होता, ह्या वर्षी निवड झाली तर पुढची वर्षं सायकल, खेळ, बाहेरगाव, सगळं. नाही झाली तर बी.एड. करायचं आणि सायकल बंद. तात्या दिलेला शब्द वाढवणारेही नव्हते आणि मोडणारेही नव्हते. अश्विनीला हे पक्कं माहीत होतं.

वाकलेला चिमटा सरळ करता येतो का, असं त्यांनी विचारलं. साध्या काळ्या सायकलीचा करता येतो. लोखंड आहे, मागं आणलं की येतं. पण हा अॅल्युमिनियमचा होता, तो एकदा वाकला की आतून मेलेला असतो. नवाच घ्यायला पाहिजे होता.

आणि रेसच्या सायकलीचा चिमटा घ्यायचा म्हणजे पोरीला स्थळ बघण्यापेक्षा जास्त चौकशी. आधी मान. वर किती जाड, खाली किती जाड. काहींची सगळीकडं सारखी असते, काहींची खाली फुगत जाते. हिची सारखी होती. मग लांबी. जास्त असली तर कापता येते, कमी असली तर काही उपाय नाही. मग पायांची उंची, चाकाच्या आसापासून मानेच्या बुडापर्यंत. ती बोटभर जरी वाढली तरी सायकलीचं नाक वर होतं आणि वळताना ती सुस्त होते. मग आस मानेच्या रेषेपुढं किती काढलाय. त्यावर सायकल हाताला नुसती लावली की वळते, का ओढून वळवावी लागते, ते ठरतं. मग ब्रेक कुठला, रिमला धरणारा का तबकडीचा. हे सगळं मी वहीत लिहिलं आणि पुण्यातल्या एका दुकानदाराला फोनवर दोनदा सांगितलं. त्यानं परत म्हणून दाखवावं असा आग्रह धरला. तो वैतागला. "काका, तीस वर्षं हेच करतोय," म्हणाला. मी म्हणालो, "मी चाळीस वर्षं करतोय, म्हणून तर विचारतोय."

चिमटा आला तो कार्बनचा. काळा, गुळगुळीत, मानेपासून पायापर्यंत सगळा कार्बन. हातात घेतला आणि मला पहिली शंका आली की खोक्यात निम्माच पाठवलाय, इतका हलका. कार्बनचा चिमटा मी तोपर्यंत बसवला नव्हता. मान कापायची कशी ते दुकानदारानं फोनवर समजावलं. बारीक दात्यांची करवत, भोवती ओलं फडकं, सावकाश. हँडलचा बोल्ट किती आवळायचा तेही सांगितलं. मी सगळं तसंच करणार होतो.

पण आधी तात्या म्हणाले, "खूण?"

आता इथं सांगताना माझी जीभ अडखळते. मी टोच्या घेतला. तात्यांच्या म्हशींच्या शिंगावर असते तीच खूण, तीन उभ्या रेघा आणि खाली एक आडवी. मानेच्या अगदी मुळाशी केली, जिथं ती सांगाड्यात लपते आणि कुणाच्या बापाला दिसत नाही. लोखंडावर टोच्या चालला की कणी निघते, चमकते. इथं काळी भुकटी निघाली, आणि आवाज आला तो वाळलेल्या भोपळ्यावर नख ओढल्यासारखा. ते मला खटकलं. पण तात्या चष्मा लावून बघत होते, म्हणून रेघा नीट दिसाव्यात असं वाटलं आणि मी एकेका रेघेवरून दोनदा हात फिरवला.

मग मान कापली, खालचं कडं बसवलं, बेअरिंग, हँडल, सगळं जागेवर. पुढचा ब्रेक धरून सायकल मागंपुढं हलवली. कुठं खडखड नाही. पुढचं चाक उचलून सोडलं, हँडल आपल्या वजनानं अलगद बाजूला कललं. म्हणजे घट्टही नाही, सैलही नाही. अश्विनी एक चक्कर मारून आली तेव्हा तिचं तोंड असं फुललेलं होतं की मी चहा मागवला. तात्यांनी चहा घेतला, पण आधी चहावाल्याकडं बघून "पाणी कुठलं रं?" असं विचारून.

दीड महिना गेला. पोरगी रोज सकाळी दुकानावरून जायची, न थांबता हात करायची. निवडीला आठवडा राहिला होता. त्या दिवशी मी फळी आवरत होतो, तर त्या चिमट्याचं खोकं सापडलं. आत एक घडी केलेला कागद. मला इंग्रजी जेमतेम येतं, पण त्यात चित्रं होती. एका चित्रात मान काढलेली, तिच्यावर एक टोकदार वस्तू आणि छोटा ओरखडा, आणि सगळ्यावर भली मोठी फुली.

पुण्याला फोन लावला.

"ओरखडा नखाला लागतो का?" त्यानं विचारलं.

"लागतो."

"कुठं आहे?"

"मुळाशी."

मग म्हणाला, "काका, तिथं ओरखडा कशानं आला?"

"खूण केली."

"कशाची?"

आता त्याला काय सांगणार? कापायचं कसं, आवळायचं किती, हे सगळं त्यानं मला सांगितलं होतं. खूण करू नका हे सांगितलं नव्हतं, कारण नव्या चिमट्यावर म्हशीचा डाग कुणी ओढंल हे त्या माणसाच्या स्वप्नातही आलं नसणार. "टाकून द्या तो," एवढंच तो म्हणाला. "महिना चालंल, वर्ष चालंल, नाहीतर पहिल्याच जोराच्या ब्रेकला जाईल. सांगता येत नाही."

तसाच उठलो आणि जीप धरून माकणीला गेलो. रस्ताभर मी समोरून येणाऱ्या प्रत्येक सायकलीकडं बघत होतो.

तात्या गोठ्यात होते. मी म्हणालो, "तात्या, अश्विनीच्या सायकलीचा चिमटा काढून न्यायचाय."

"का?"

"तो बरोबर न्हाय."

तात्यांनी हातातली पेंड खाली ठेवली. "दीड महिना बरोबर हुता. आता निवड आठ दिसांवर आल्यावर बरोबर न्हाय झाला?"

"माझी चूक झाली. खूण करायला नको हुती. कार्बनला ओरखडा चालत न्हाय."

"खूण तर तुमी सगळ्यालाच करताव. लोहारा तालुक्यात निम्म्या सायकलींवर तुमची खूण हाय."

"ते लोखंड हाय तात्या."

"मिस्त्री," तात्या शांतपणे म्हणाले, "खरं सांगा. कुणी गिऱ्हाईक गाठलंय का? का तुमच्या पुण्यावाल्याला माल परत पायजे? खूण नको हुती म्हणताव, म्हंजे खूण नसलेला दुसरा घालणार. व्हय का न्हाय?"

मला राग आला, आणि त्या रागात मला कळलं की त्यांच्या जागी मी असतो तर हेच बोललो असतो. अगदी ह्याच शब्दांत. शेजारची दोन माणसं कुंपणाशी येऊन उभी राहिली होती. चाळीस वर्षांत मी माझी चूक झाली असं चार लोकांत म्हणालो नव्हतो. त्या दिवशी तीनदा म्हणालो, आणि एकालाही खरं वाटलं नाही.

अश्विनी दारात उभी राहून ऐकत होती. ती पुढं आली. "मामा, तुटंलच का?"

"सांगता येत न्हाय."

"म्हणजे न्हायबी तुटणार?"

"न्हायबी तुटणार."

"नवा येईल का निवडीच्या आधी?"

"न्हाय येणार. विचारलंय."

तिनं सायकलीकडं बघितलं. मग घरात जाऊन ती बोल्ट सोडायच्या चाव्यांचा जुडगा घेऊन आली. "काढा," म्हणाली. तात्या काहीतरी बोलायला गेले तर ती म्हणाली, "दादा, मला बसायचंय त्याच्यावर. तुमाला न्हाय." तात्या गोठ्यात निघून गेले.

माझ्या दुकानात एक जुनी स्टीलची रेसची सायकल पडून होती. हैद्राबादेकडं निघालेल्या कुणा हौशी माणसाची. सांगाडा तडकला म्हणून माझ्याकडं टाकून तो बसनं गेला, परत आलाच नाही. तिचा चिमटा मी मोजला. मानेची जाडी तीच, पायांची उंची जवळपास तीच, ब्रेकही तोच. वजन मात्र दुपटीहून जास्त. मी तो तीनदा तपासला, जोडावर राख चोळून चीर बघितली, आणि बसवला. अश्विनीनं सायकल उचलून बघितली. "जड हाय," एवढंच म्हणाली. खूण कुणी मागितली नाही.

निवडीच्या दिवशी दुपारी तिच्या मामाचा फोन आला. तिसरी. दोन नंबरवालीपेक्षा एका चाकानं मागं.

तात्यांनी शब्द पाळला. सायकल घरात आडव्या खुंटीवर गेली, आणि जूनमध्ये पोरगी बी.एड.ला.

त्या आठवड्यात मी दुकानाचं अर्धं शटर खाली ओढलं आणि कार्बनची ती मान कापली. उभी, बरोबर खुणेवरून, दोन फाका केल्या. भिंग लावून बघितलं. आत चीर असणार, केसाएवढी का होईना, पण असणार अशी माझी खात्री होती. नव्हती. चार रेघा वरच्या वर होत्या, पोस्टकार्डाच्या जाडीएवढ्याही खोल नाहीत. आतली बाजू आरशासारखी. आता, दिसली नाही म्हणजे नव्हतीच असं नव्हे, हे मला कळतं. कार्बनचे थर आतल्या आत सुटतात म्हणतात. पण मला ती बघायची होती आणि मला दिसली नाही.

दोन दिवसांनी तात्या आले. बाकड्यावर बसले. सायकल बरोबर नव्हती, नुसतेच आले होते.

"मिस्त्री, तो काळा चिमटा. खरंच तडकला हुता?"

फाका माझ्या मागंच, पत्र्याच्या डब्यात होत्या. एक हात मागं केला असता तर दाखवता आल्या असत्या.

"तडकला हुता," मी म्हणालो. "आतून."

"दाखवा."

"फेकला. असली वस्तू दुकानात ठेवत न्हाय मी."

सगळ्या जगावर शक घेणारा माणूस, पण त्या दिवशी त्यांनी मान हलवली. "पोरगी वाचली म्हनायचं," म्हणाले, आणि माझा हात हातात घेतला. मी का खोटं बोललो? भ्यालो, म्हणून. चांगला चिमटा मिस्त्रीनं काढला आणि पोरगी हरली, असं त्यांनी चार गावांत सांगितलं असतं. त्याहून जास्त भीती ही की ते तिच्या कानावर गेलं असतं.

ह्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून मी खूण करत नाही. लोक मागतात, मी नाही म्हणतो, ते माझ्याकडं बघतात, आणि त्यांच्या मनात काय चाललंय ते मला कळतं. मोजू देत बापडे छर्रे.

ह्या अंकासाठी दुकानाच्या आठवणी लिहा असा निरोप आला तेव्हा कंपाउंडर, गुरुजी असलं काहीतरी मजेचं लिहून द्यायचं ठरवलं होतं. लिहायला बसलो तर सारखी ही एकच गोष्ट पुढं यायला लागली. मग वाटलं, छापायच्या आधी तिला सांगितलं पाहिजे. मागच्या पंधरवड्यात डब्यातल्या फाका पिशवीत घातल्या आणि माकणीला गेलो.

तात्या शेताकडं गेले होते. अश्विनी ओसरीवर बसून शाळेतल्या उद्याच्या पाठाचं टाचण लिहीत होती. मी पिशवी पुढं ठेवली आणि सगळं सांगितलं. चीर नव्हती, तात्यांना खोटं सांगितलं, तिलाही तेच खरं वाटू दिलं.

तिनं दोन्ही फाका घेतल्या, मोबाइलचा टॉर्च लावला आणि बघत राहिली. खुणेवर नख फिरवलं.

"कुठंच न्हाय," म्हणाली.

"न्हाय."

"मग मला कशाला सांगताव आता?"

"त्या जड चिमट्यानं तू हरलीस. एका चाकानं. हा ठेवला असता तर..."

"जडपणानं न्हाय हरले, मामा." तिनं टॉर्च बंद केला. "शेवटच्या वळणापतूर मी पुढं होते. त्या दोघी मागं. तिथं उतार होता. रोजच्या सवयीनं मी ब्रेक धरलाच नसता. पण वळणात शिरताना एकदम मनात आलं, ह्यो चिमटाबी मामांनीच बसवलाय. तिकडं चुकले, मग इकडं चुकणार न्हायत कशावरनं? एवढंच आलं मनात. तुमी तीनदा तपासला होता हे मला म्हायती होतं, तरीबी आलं."



"दोघी आतल्या बाजूनं गेल्या," ती म्हणाली. "मी दादांना कधी सांगितलं न्हाय. तुमालाबी सांगणार नव्हते."

मग तिनं उजवा हात माझ्यासमोर धरला आणि दोन बोटं हळूच आत ओढून दाखवली, एवढीशी, ब्रेकच्या दांडीवर ओढतात तशी.